गाठ एकीकडे, गुठळी दुसरीकडे

"कॅन्सर स्वादुपिंडात आहे, मग पाय का सुजला?" केमोच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी हा प्रश्न हमखास येतो. दोन-तीन सायकल झालेल्या असतात. उलट्या, तोंड येणं, केस गळणं या सगळ्याची कल्पना डॉक्टरांनी आधी दिलेली असते. पण एका सकाळी डावी पोटरी टणक लागते, पायजमा त्या बाजूला घट्ट होतो, आणि हे काय नवीन, असं घरच्यांना वाटतं. कुणी म्हणतं पाय लोंबकळत ठेवून बसल्यामुळे, कुणी म्हणतं अशक्तपणा. तेल कोमट करून पोटरी चोळायला घेतली जाते. नेमकं तेच करायचं नसतं. का नसतं, हे समजायला आधी त्या पोटरीत काय घडलंय ते पाहावं लागेल.

१. एकच पाय

अशक्तपणाने, रक्तातली प्रथिनं कमी झाल्याने किंवा मूत्रपिंडाच्या तक्रारीने सूज आली तर ती बहुधा दोन्ही पायांवर येते. एकच पाय सुजला तर अडचण त्या पायातच असण्याची शक्यता वाढते. पायातलं रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरा स्नायूंच्या आत, खोलवर असतात. त्यातल्या एखाद्या शिरेत रक्त गोठून गुठळी बसली की मागचं रक्त तुंबतं आणि पाय फुगतो. डॉक्टर याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, थोडक्यात डीव्हीटी म्हणतात.

निदान अवघड नाही. सोनोग्राफीच्या खोलीत रुग्णाला झोपवतात, जांघेत आणि गुडघ्याच्या मागे थंडगार जेल लावतात आणि तंत्रज्ञ यंत्राचा प्रोब शिरेवर दाबतो. पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसत असतात, एक धमनी आणि एक शीर. निरोगी शीर दाबली की ते वर्तुळ चपटं होऊन मिटतं, हात सैल केला की पुन्हा उघडतं. गुठळी असलेली शीर दाबली तरी मिटत नाही. एवढीच परीक्षा. रंगीत डॉपलरमध्ये रक्ताचा प्रवाह दिसतो, पण निकाल बहुतेक वेळा या दाबण्यावरच लागतो.

पाय सुजला एवढ्यावर भागलं असतं तर या प्रकरणाची गरज नव्हती. गुठळीचा तुकडा सुटला, आणि चोळल्याने तो सुटू शकतो, तर तो रक्ताबरोबर वर जातो, हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. मग अचानक दम लागतो, श्वास आत घेताना छातीत टोचतं, नाडी पळते, कधी खोकल्यात रक्त येतं, कधी माणूस चक्कर येऊन कोसळतो. हे पल्मनरी एम्बॉलिझम. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत खुद्द कॅन्सरनंतर गुठळ्यांचा क्रमांक फार वरचा लागतो, आणि तरीही केस गळण्याबद्दल जितकं बोललं जातं त्याच्या दशांशही याबद्दल बोललं जात नाही.

२. त्रूसोंचं स्वतःचं निदान

ही जोडी वैद्यकाच्या नजरेत येऊन दोनशे वर्षं झाली. फ्रान्समध्ये जाँ-बातिस्त बुईयो यांनी 1823 मध्ये कॅन्सरच्या काही रुग्णांच्या शिरांत गुठळ्या आढळल्याची नोंद केली होती. पण नाव झालं ते आर्मां त्रूसो यांचं. पॅरिसच्या ओतेल-द्यू या जुन्या रुग्णालयात त्रूसो शिकवत आणि त्यांची व्याख्यानं ऐकायला परदेशांतूनही डॉक्टर येत. पांढऱ्या, दुखऱ्या सुजेच्या पायांवर व्याख्यान देताना 1865 मध्ये त्यांनी एक धाडसी विधान केलं. पोटात काहीतरी बिघडलंय पण कॅन्सर आहे की नाही कळत नाही, अशा पेचात रुग्णाचा पाय किंवा हात असा सुजला तर शंका संपली, कॅन्सरच समजावा. त्यांचं म्हणणं होतं की दोष शिरेत नाही, रक्तातच आहे. कॅन्सरमध्ये रक्ताचा स्वभावच असा बदलतो की ते आपोआप गोठू पाहतं. सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला तेव्हा त्यांच्या हाती काही नव्हतं. निरीक्षण मात्र पक्कं होतं.

पुढे जे घडलं ते एखाद्या कादंबरीकाराने लिहिलं असतं तर वाचकांनी नाक मुरडलं असतं. 1867 च्या पहिल्याच दिवशी त्रूसोंनी आपल्या पेतेर नावाच्या शिष्याला सांगितलं की आपल्याला शिरेची तीच सूज आली आहे आणि आता आपण वाचत नाही. कित्येक महिने त्यांचं पोट दुखत होतंच. त्याच वर्षी जूनमध्ये ते पोटाच्या कॅन्सरने गेले. कॅन्सरबरोबर येणाऱ्या गुठळ्यांना आजही त्रूसो सिंड्रोम म्हणतात.

त्याआधी जर्मनीत रुडॉल्फ फिर्खो शवविच्छेदनं करत होते. फुप्फुसातली गुठळी तिथे तयार होत नाही, ती पायाच्या शिरेतून वाहत येते, हे त्यांनी दाखवलं. शिरेत रक्त गोठायला तीन गोष्टी कारणीभूत होतात: रक्ताची गती मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्तच गोठण्याकडे झुकणं. हे त्रिकूट आजही फिर्खोंच्या नावाने शिकवलं जातं. बाकीच्या बहुतेक आजारांत यातलं एखाददुसरं असतं. कॅन्सरमध्ये तिन्ही एका वेळी हजर असतात.

३. रक्ताला विरजण

यातली पहिली दोन कारणं चटकन पटतात. ओटीपोटातली गाठ शेजारच्या शिरेवर दाब देते. रुग्ण दिवसचे दिवस पलंगावर असतो आणि पोटरीचे स्नायू हलले नाहीत तर रक्त वर ढकललं जात नाही. शस्त्रक्रिया होते. केमोसाठी छातीत पोर्ट बसवतात किंवा दंडातून पिक लाइन घालतात. ती नळी शिरेच्या अस्तराला सतत घासत राहते. सिस्प्लाटिनसारखी औषधंही अस्तर खराब करतात.

तिसरं कारण समजून घ्यायला स्वयंपाकघरात जावं लागेल. दुधाचं दही व्हायला लागणारा सगळा ऐवज दुधातच असतो, पण विरजणाचा चमचा पडल्याशिवाय ते लागत नाही. रक्ताचंही तसंच. गुठळीची जाळी ज्यापासून विणली जाते ते फायब्रिनोजेन, एकामागून एक जागी होणारी डझनभर प्रथिनं, प्लेटलेट, हे सगळं रक्तात कायम फिरत असतं आणि निवांत असतं. त्याचं विरजण म्हणजे टिश्यू फॅक्टर हे प्रथिन. निसर्गाने ते शहाणपणाने रक्तवाहिनीच्या बाहेर, आजूबाजूच्या ऊतींत ठेवलंय. विळीवर बोट कापलं की रक्त बाहेर येतं, त्याची टिश्यू फॅक्टरशी गाठ पडते आणि काही मिनिटांत रक्त थांबतं.

कॅन्सरच्या अनेक पेशी हा टिश्यू फॅक्टर स्वतःच्या अंगावर मिरवतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशी यात विशेष पुढे. शिवाय या पेशींच्या आवरणाचे बारीक कण सुटून रक्तात मिसळतात आणि त्यांच्यावरही तो असतो. म्हणजे कुठेही कापलेलं नसताना वाहत्या रक्तात थोडं थोडं विरजण पडत राहतं. गाठ पोटात आणि गुठळी पायात, या कोड्याचा उलगडा इथे होतो. दह्याशी साम्य मात्र इथवरच. पातेल्यातलं दूध सगळं लागतं. रक्तात गोठणं रोखणारे पहारेकरीही असतात, त्यामुळे गुठळी तिथेच धरते जिथे प्रवाह मुळातच संथ आहे. पोटरीच्या शिरांत तो सर्वांत संथ असतो.

टिश्यू फॅक्टर हे एकच कारण असतं तर औषध शोधणं सोपं गेलं असतं. पोट, स्वादुपिंड, फुप्फुस यांचे काही कॅन्सर म्युसिन नावाचे चिकट रेणू रक्तात सोडतात आणि ते प्लेटलेट व पांढऱ्या पेशींना एकमेकांना चिकटवतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि अमेरिकेत सॅन दिएगोला संशोधन करणारे अजित वार्की यांचं यावर मोठं काम आहे. त्रूसो सिंड्रोम हे एकाच यंत्रणेचं नाव नाही, त्याखाली अनेक यंत्रणा दडल्या आहेत, हे त्यांनी 2007 मध्ये नीट मांडलं. मेंदूच्या काही गाठींवर पोडोप्लॅनिन नावाचं प्रथिन असतं, ते थेट प्लेटलेटना जागं करतं. आणि 2004 मध्ये बर्लिनच्या संशोधकांना आणखी एक अजब गोष्ट दिसली होती: न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंना पकडण्यासाठी स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याचं जाळं करतात. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत आढळलं की शरीरात गाठ वाढत असताना न्यूट्रोफिल अशी जाळी टाकायला जास्त उतावीळ होतात, आणि त्या जाळ्यात जंतूंऐवजी प्लेटलेट व तांबड्या पेशी अडकून गुठळी बनते.

उपचारांचाही यात वाटा असतो. थॅलिडोमाइड हे औषध गर्भातल्या बाळांना व्यंग आणल्यामुळे 1961 मध्ये बदनाम होऊन बाजारातून गेलं आणि शतकाच्या शेवटी मल्टिपल मायलोमा या कॅन्सरवर गुणकारी ठरून परत आलं. पण ते डेक्सामेथासोन या स्टिरॉइडबरोबर दिलं की गुठळ्यांचा धोका बराच वाढतो. त्याच्या लेनालिडोमाइड या भावंडाचंही तेच. म्हणूनच मायलोमाच्या रुग्णाच्या औषधांच्या चिठ्ठीवर हृदयविकार नसतानाही ॲस्पिरिन दिसतं. नातेवाईक अनेकदा ते चुकून लिहिलं असेल असं समजून बंद करतात.

४. सात पट म्हणजे किती?

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2005 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. गुठळी झालेल्या 3220 जणांची तुलना त्यांनी 2131 निरोगी माणसांशी केली. कॅन्सर असलेल्यांना गुठळीचा धोका इतरांपेक्षा सुमारे 7 पट निघाला. निदानानंतरच्या पहिल्या 3 महिन्यांत तर तो 53 पट होता.

53 पट हा आकडा वाचून छाती दडपते. पण पटीचा आकडा मूळ आकडा माहीत असल्याशिवाय निरुपयोगी असतो. सर्वसाधारण लोकसंख्येत वर्षाला हजारात साधारण एका माणसाला अशी गुठळी होते. तेव्हा 7 पट म्हणजे हजारात सातेक. बहुसंख्य कॅन्सर रुग्णांना गुठळी होत नाही. गोम अशी की सगळे कॅन्सर सारखे नाहीत. स्वादुपिंड, पोट, मेंदू, फुप्फुस, अंडाशय यांत धोका जास्त. सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये बराच कमी. आजार पसरलेला असला की वाढतो. शस्त्रक्रिया, केमो आणि अंथरुणाला खिळणं या तिन्ही गोष्टी पहिल्या काही महिन्यांत एकवटतात, म्हणून तेव्हाचा आकडा इतका उंच जातो.

५. उलटा प्रश्न

वर्तमानपत्रात असं काही वाचलं की वाचकाच्या मनात दुसरीच भीती येते: आपल्या ओळखीतल्या एकाला मागच्या वर्षी पायात गुठळी झाली होती, त्याला आतून कॅन्सर तर नसेल?

इटलीतल्या पादुआ शहरात पाओलो प्रांदोनी यांनी 1992 मध्ये याचा छडा लावला. लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, प्लॅस्टर असं काहीही कारण नसताना ज्यांना गुठळी झाली, त्यांच्यापैकी 7.6 टक्के जणांत पुढे कॅन्सर सापडला. कारण माहीत असलेल्यांत हे प्रमाण 1.9 टक्के होतं. मग अशा प्रत्येकाचा डोक्यापासून पायापर्यंत सीटी स्कॅन का करू नये? काही काळ डॉक्टरांचा कल तसा होताही. कॅनडातल्या एका चाचणीने 2015 मध्ये तो आवरला. कारणाविना गुठळी झालेल्या 854 जणांचे दोन गट केले. एका गटाची साधी तपासणी, दुसऱ्याची साधी तपासणी अधिक पोटाचा सविस्तर सीटी स्कॅन. वर्षभरात दोन्ही गट मिळून 33 जणांत, म्हणजे 3.9 टक्क्यांत, कॅन्सर निघाला. सीटी जोडल्याने निसटलेले कॅन्सर कमी झाले नाहीत.

तेव्हा उत्तर असं: गुठळी झालेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. नीट विचारपूस, अंगतपासणी, रक्ताच्या साध्या चाचण्या, छातीचा एक्स-रे आणि वयानुसार करायच्या नेहमीच्या कॅन्सर-तपासण्या पुरेशा आहेत. वजन विनाकारण उतरतंय, शौचातून रक्त जातंय असं काही असेल तर गोष्ट वेगळी. केवळ भीतीपोटी हजारोंचे स्कॅन करून घेण्यात फायदा लॅबचाच.

६. कुरणातून आलेलं औषध

आता उपचार. रक्त पातळ करणारी औषधं असं आपण म्हणतो, पण त्यांनी रक्त पातळ होत नाही. ती गोठण्याच्या साखळीतला एखादा दुवा अडवतात. आधीची गुठळी ती विरघळवतही नाहीत. ती वाढू देत नाहीत आणि शरीराला ती हळूहळू पचवायला वेळ देतात.

पहिलं औषध हेपॅरिन. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन हा विद्यार्थी 1916 मध्ये खरं तर रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता आणि कुत्र्याच्या यकृताच्या अर्कातून त्याच्या हाती उलटंच काही लागलं. आज हेपॅरिन मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून काढतात, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही आणि फारसं कुणी विचारतही नाही.

दुसरं वॉरफरिन. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन भागात बुरशी लागलेला गोड क्लोव्हर हा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. 1933 च्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताची चरवी घेऊन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक यांच्या चमूने त्या चाऱ्यातला रेणू शोधला आणि त्याच कुळातलं वॉरफरिन 1948 मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं. काही वर्षांत माणसांना द्यायला सुरुवात झाली आणि अर्धं शतक तेच चाललं.

कॅन्सरच्या रुग्णात मात्र वॉरफरिन सांभाळणं म्हणजे तारेवरची कसरत. मेथी, पालक, कोथिंबीर यांतल्या के जीवनसत्त्वाने त्याचा परिणाम कमी-जास्त होतो. केमोत रुग्ण एक दिवस जेवतो, दोन दिवस उलट्या करतो. अँटिबायोटिक चालू होतं, बंद होतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी आयएनआरची चाचणी आज 1.4, आठवड्याने 5. त्यात केमोने प्लेटलेट उतरल्या की रक्तस्रावाची भीती. पादुआच्याच गटाने 2002 मध्ये मोजून दाखवलं की हे उपचार घेत असतानाही कॅन्सरच्या रुग्णांत वर्षभरात 20.7 टक्क्यांना गुठळी पुन्हा झाली, कॅन्सर नसलेल्यांत 6.8 टक्क्यांना. मोठा रक्तस्राव 12.4 टक्के विरुद्ध 4.9 टक्के. म्हणजे एकाच माणसाचं रक्त गोठतंही जास्त आणि वाहतंही जास्त. या विषयातलं पुढचं सगळं संशोधन याच पेचाभोवती फिरतं.

कोंडी फुटली 2003 मध्ये. कॅनडाच्या ॲग्नेस ली आणि सहकाऱ्यांनी 672 रुग्णांचे दोन समान गट केले. एका गटाला वॉरफरिनची गोळी, दुसऱ्याला डाल्टेपॅरिन या हलक्या हेपॅरिनचं पोटावर रोज एक इंजेक्शन. 6 महिन्यांत गोळीच्या गटात 53 जणांना पुन्हा गुठळी झाली, इंजेक्शनच्या गटात 27 जणांना. धोका जवळजवळ निम्मा, आणि मोठा रक्तस्राव लक्षणीय वाढला नाही. त्यानंतर जगभर हेच प्रमाण उपचार झाले. ज्याने 6 महिने रोज स्वतःच्या पोटाची चिमटी धरून सुई टोचून घेतली आहे, बेंबीच्या दोन्ही बाजूंना निळे-हिरवे डाग पडलेले पाहिले आहेत, त्यालाच या 'प्रमाण उपचारां'ची किंमत ठाऊक. रुपयांतली वेगळीच. अनेक जण मध्येच सोडून देत.

७. गोळी परत आली

नव्या पिढीच्या गोळ्या, म्हणजे रिव्हरॉक्सबॅन, एडॉक्सबॅन आणि ॲपिक्सबॅन, गोठण्याच्या साखळीतला 'फॅक्टर दहा' हा एकच दुवा थेट अडवतात. आयएनआर नको, मेथीची भाजी वर्ज्य नाही. पण कॅन्सरमध्ये त्या चालतील का, हे कुणाला माहीत नव्हतं.

2018 मध्ये एडॉक्सबॅनचा निकाल आला: गुठळी पुन्हा होण्याचं प्रमाण इंजेक्शनच्या 11.3 टक्क्यांवरून 7.9 वर उतरलं, पण मोठा रक्तस्राव 4.0 वरून 6.9 टक्क्यांवर चढला. जास्तीचा रक्तस्राव मुख्यतः पोट-आतड्यांचे कॅन्सर असलेल्यांत झाला. गोळी आतड्यातून जाताना कच्च्या जखमेलाच लागते, हे त्याचं एक पटणारं स्पष्टीकरण. 2020 मध्ये इटालियन संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत ॲपिक्सबॅन उतरलं. चाचणीला नाव दिलं होतं काराव्हाज्जो, म्हणजे एका चित्रकाराचं. 1155 रुग्ण. पुन्हा गुठळी 5.6 टक्के विरुद्ध इंजेक्शनची 7.9. मोठा रक्तस्राव 3.8 विरुद्ध 4.0, म्हणजे सारखाच. भारतात आता ॲपिक्सबॅन देशी कंपन्यांचंही मिळतं आणि खर्च पूर्वीच्या इंजेक्शनांच्या मानाने आटोक्यात आला आहे. सगळ्यांना ते चालतं असं नाही. सतत उलट्या होत असतील, जठर काढलेलं असेल, काही विशिष्ट औषधं चालू असतील तर इंजेक्शनच बरं.

मग किती दिवस? निदान 6 महिने, आणि कॅन्सर सक्रिय असेपर्यंत पुढेही. इथे 2025 मध्ये एक दिलासा मिळाला. 6 महिने पुरे केलेल्या 1766 रुग्णांवरच्या चाचणीत ॲपिक्सबॅनचा अर्धा डोस पूर्ण डोसइतकाच गुठळ्या रोखताना दिसला (2.1 टक्के आणि 2.8 टक्के), तर दखल घेण्याजोगा रक्तस्राव 15.6 टक्क्यांवरून 12.1 वर आला.

८. आधीच औषध का देऊ नये?

गुठळी होण्याची वाट का पाहायची, हा प्रश्न रास्त आहे. पोटाच्या कॅन्सरच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तशी वाट पाहतही नाहीत. त्यानंतर 4 आठवडे इंजेक्शन दिल्याने गुठळ्या 12.0 टक्क्यांवरून 4.8 टक्क्यांवर येतात, हे 2002 मध्येच दिसलं होतं. पण घरून येऊन केमो घेणाऱ्या प्रत्येकाला औषध द्यायचं तर रक्तस्रावाचा धोकाही प्रत्येकाला वाटला जातो. निवड करावी लागते.

ती करायला अलोक खोराना या अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या कॅन्सरतज्ज्ञाने 2008 मध्ये गुणांची एक सोपी पद्धत दिली. पोट किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर असेल तर 2 गुण. फुप्फुस, लिम्फोमा, स्त्रियांच्या जननेंद्रियांचा, मूत्राशयाचा किंवा वृषणाचा असेल तर 1. केमोआधीच्या प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त असतील तर 1, हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल तर 1, पांढऱ्या पेशी 11 हजारांच्या वर असतील तर 1, बीएमआय 35 किंवा जास्त असेल तर 1.

समजा, 58 वर्षांच्या गृहस्थांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, प्लेटलेट 3 लाख 80 हजार, हिमोग्लोबिन 11.2, पांढऱ्या पेशी 9 हजार, अंगाने सडसडीत. गुण 2 अधिक 1, एकूण 3: जास्त धोका. दुसरीकडे स्तनाचा कॅन्सर झालेल्या एक बाई, हिमोग्लोबिन 9.4, बाकी सगळं ठीक. गुण 1. रक्ताचे सगळे आकडे साध्या सीबीसीच्या रिपोर्टमधून मिळतात, ही या पद्धतीची खरी ताकद. उणिवाही आहेत. 35 चा बीएमआय अमेरिकेत सर्रास दिसतो, आपल्याकडच्या केमो वॉर्डात क्वचित. उलट कुपोषणाने आणि रक्तक्षयाने हिमोग्लोबिन कॅन्सरआधीपासूनच 10 च्या खाली असलेल्या स्त्रिया इथे कमी नाहीत. एकाच कॅन्सरच्या रुग्णांत आपसात फरक करताना ही पद्धत कमी पडते. व्हिएन्नातल्या संशोधकांनी त्यात डी-डायमरसारख्या रक्तचाचण्या जोडून ती सुधारायचा प्रयत्न केला आहे.

2 किंवा जास्त गुण असलेल्यांना आधीच ॲपिक्सबॅनचा छोटा डोस देऊन पाहणारी कॅनेडियन चाचणी 2019 मध्ये आली. 6 महिन्यांत गुठळ्या 10.2 टक्क्यांऐवजी 4.2 टक्के; मोठा रक्तस्राव 1.8 ऐवजी 3.5 टक्के. शंभर रुग्ण डोळ्यांसमोर आणले तर सहा जणांची गुठळी टळली आणि दोनेक जणांना जास्तीचा रक्तस्राव झाला. हा सौदा कुणाला पटेल, कुणाला नाही. ज्याला अल्सर आहे किंवा ज्याची आतड्यातली गाठ अधूनमधून रक्त गाळते त्याने तो करू नये. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांशी याबद्दल बोलायलाच हवं.

९. मोठी आशा, लहान फळ

मधल्या काळात संशोधकांना याहून मोठं स्वप्न पडलं होतं. 1968 मध्ये गॅब्रिएल गॅसिक यांनी दाखवलं होतं की उंदरांच्या प्लेटलेट कमी केल्या तर कॅन्सर कमी ठिकाणी पसरतो. रक्तात फिरणारी कॅन्सरपेशी प्लेटलेटचं पांघरूण घेऊन प्रतिकारपेशींपासून लपते. तर मग हेपॅरिनने कॅन्सरच आटोक्यात येईल का? ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 2202 रुग्णांवर हे तपासलं गेलं. 2016 चा निकाल सरळ होता: गुठळ्या कमी झाल्या, आयुष्य वाढलं नाही. उंदरांत दिसलेलं माणसांत दिसलं नाही, आणि हे शोधायला अठ्ठेचाळीस वर्षं गेली.

सध्या लक्ष आहे ते 'फॅक्टर अकरा'कडे. जन्मतःच हा घटक कमी असलेल्या माणसांना गुठळ्या कमी होतात आणि तरी त्यांना आपोआप रक्तस्राव क्वचितच होतो. तेव्हा नेमका हाच दुवा अडवला तर गुठळी थांबेल आणि जखम भरणंही चालू राहील, असा तर्क. महिन्यातून एकदा टोचायच्या ॲबेलासिमॅब या प्रतिपिंडाच्या चाचण्या कॅन्सरच्याच रुग्णांवर आखल्या गेल्या, एक ॲपिक्सबॅनशी तुलना करणारी, दुसरी डाल्टेपॅरिनशी.

तोवर रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती आहे ते एवढं. केमो सुरू होण्याआधी डॉक्टरांना थेट विचारावं, 'गुठळीचा धोका किती आहे आणि आधीच औषध लागेल का?' एक पाय किंवा पोर्टच्या बाजूचा हात सुजला तर चोळू नये, शेकू नये, पुढच्या सायकलची तारीख येईपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी डॉपलर करून घ्यावा. अचानक दम लागला, छातीत टोचलं तर थेट इमर्जन्सीत जावं, रात्र असली तरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दातांच्या डॉक्टरांपासून काढे देणाऱ्या वैद्यांपर्यंत सगळ्यांना ते सांगावं, अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत, आणि काळी शौच झाली तर लगेच कळवावं. गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नये.